धुराड्यातलं घुबड

लॉंग माउंटन
३० जुलै १९७८

नवीन,

चार वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी पानभर आशीर्वाद लिहायला हवेत. ते लिहिले असं समज, कारण मला सांगायचंय ते आधी सांगून टाकते. धुराड्यात घुबड आहे.

मी डोळ्यांनी पाहिलं. परवा संध्याकाळी गावच्या सभाघरात, बैठकेत, मुलांचा मराठीचा वर्ग आटपून परतत होते. उसातली आडवाट धरली, जुन्या साखर कारखान्याच्या धुराड्याजवळून जाते ती. कारखाना माझ्या जन्माआधीच मोडला, धुराडं तेवढं उभं आहे, हे तुला सांगायला नको. त्याच्या वरच्या काठावर काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल उडून तिथे अडकला. मग त्या टॉवेलने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "या बेटावर घुबड नाही, कामिनी." सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, जे कागदावर नाही ते नाहीच. त्यांनी तेव्हा लायब्ररीतून पुस्तक आणून दाखवलं होतं, की मॉरिशसची घुबडं शंभर वर्षांपूर्वीच संपली. आणि तू नऊ वर्षांचा, धुराड्यात घुबड बसतं म्हणून सांगत होतास. खोटं बोलतोस म्हणून त्यांनी तुला पट्ट्याने मारलं. तीन दिवस मारलं आणि तिन्ही दिवस तू तेच सांगितलंस.

तू खोटं बोलत नव्हतास. हे मी आज लिहून देते.

पण नुसतं लिहून काय होतं? म्हणून ठरवलंय, त्याचा फोटो काढायचा. तू लंडनहून पहिल्या पगारातून बाबांना पाठवलेला कॅमेरा कपाटात आहे. त्यांनी त्याने दोनच फोटो काढले, एक स्वतःच्या खुर्चीचा आणि एक मंत्र्यांच्या मोटारीचा. घुबडाचा आला की पाठवते. मग तू एक ओळ लिही. "मिळाला" एवढं लिहिलंस तरी चालेल.

घर तसंच आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार अजून वाऱ्याने आपटतं. त्याला लावायला मी काही ठेवलेलं नाही.

आई

लॉंग माउंटन
२७ ऑगस्ट १९७८

नवीन,

उत्तर नाही. एवढ्यात येईल अशी अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी पायरीवर असते.

फोटोचं काम मला वाटलं तितकं सोपं नाही. तेर रूजला नंदलालचा स्टुडिओ आहे, लग्नाचे फोटो काढतो तो. त्याच्याकडून बारा फोटोंची फिल्म घेतली, आणि फ्लॅशचा तो चौकोनी ठोकळा, चारदा पेटतो आणि संपतो. मला तो तांत, म्हणजे मावशी म्हणतो. त्याने सगळं समजावलं. म्हणाला, "पक्षी बारा फुटांच्या आत पायजे, तांत. त्याच्या पलीकडं हा दिवा पोचत नाय." मी म्हटलं, धुराडं साठ फूट आहे. तो हसला. "मग पक्ष्याला सांगा, खाली ये म्हणून."

बाराही फोटो काढले. आठ दिवसांनी आणायला गेले तर नंदलालने ते पत्त्यांसारखे मांडून ठेवले होते. पाच काळे. चारांत धुराडं आणि आकाश. दोनांत माझं बोट. एकात धुराड्याच्या काठावर पांढरा ठिपका. मी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हेच." तो म्हणाला, "मादाम, से पायांके सा." म्हणजे समुद्रावरचा लांब शेपटीचा पांढरा पक्षी. धुराड्यावर पायांके कशाला बसेल? पण गिऱ्हाईक रडायला आलं की दुकानदार हो म्हणतो, तसं त्याने मग हो म्हटलं.

शेजारच्या पुष्पाला सांगितलं तर तिने कानांना हात लावले. "अगो, त्याच्याकडं बघू पण नको. धोंडा तर मारूच नको." गंमत बघ. आपले पणजोबा कोकणातून जहाजात बसले तेव्हा घुबड काही जहाजावर चढलं नाही. त्याची भीती मात्र चढली. पुष्पाने जन्मात घुबड पाहिलेलं नाही, पण ते काय करतं ते तिला तोंडपाठ. तुझ्या आजीलाही होतं. घुबडाला धोंडा मारला तर ते तो उचलून नेतं आणि नखाखाली घासत बसतं, आणि धोंडा जसा झिजतो तसं त्या घरातलं मूल झिजत जातं.

तुला ते सगळं आठवून द्यायचं नव्हतं. पुष्पा काय म्हणाली तेवढं सांगितलं.

आई

लॉंग माउंटन
२० सप्टेंबर १९७८

नवीन,

गणपती झाले. देवळात झाकरीचा नाच झाला, मुलं माझ्या वर्गातली होती, निम्म्यांना शब्दांचा अर्थ कळत नव्हता पण पाय बरोबर पडत होते. मी लवकर घरी आले. तुझ्या पाठची इंद्राणी असती तर या महिन्यात पंचवीस वर्षांची झाली असती. दर वर्षी मी हा हिशेब करते आणि कुणाला सांगत नाही. तुला सांगितला.

मी रोज दिवस मावळायच्या आधी उसात जाऊन बसते. अंगावर गोणी घेते, साखरेची. पन्नास वर्षांची बाई, शिक्षिका, गोणी पांघरून उसात! परवा मळ्याचा मुकादम, सिरदार हरिलाल, मजुरांची हजेरी घेऊन तिथून जात होता, त्याने मला भूतच समजलं. मग म्हणाला, "मास्तरीणबाई, घुबडाचं काय करायचं ते डिसेंबरच्या आत करा. तोडणी संपली की मालक धुराडं पाडणार हाय. तिथं ऊस लावणार." म्हणजे मला तीन महिने आहेत.

सोमवारी ते खाली आलं. खरंच आलं, धुराड्याच्या बुंध्याला जी कमान आहे ना, भट्टीचा धूर आत जायचा ती, तिच्यावर. दहा-बारा पावलांवर. तोंड बदामाच्या आकाराचं, पांढरंफेक, आणि डोळे काळे. मला त्या डोळ्यांची ओळख पटली. हे तेच असणार नाही, वीस वर्षं कुठलं जगतंय, त्याचं पोर नाहीतर नातू असेल. तरी मला वाटलं ते मला ओळखतंय. घाईत कॅमेरा उलटा धरला आणि बटण दाबलं तेव्हा फ्लॅश माझ्याच डोळ्यांवर पेटला. उघडले तेव्हा कमान रिकामी होती.

वर मी "ओळख पटली" असं लिहिलंय. ते खोडत नाही. तू विचारशील, आई, तू कधी पाहिलं होतंस? तू विचारणार नाहीस, तुला माहीत आहे. बाबा तुला मारत होते तेव्हा मी चुलीपाशी बसून होते. मीही पाहिलंय, एवढं म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं नाही.

आजीने दाराच्या धोंड्याचं विचारलं आणि सगळ्यांना वाटलं तू तो घुबडाला मारलास. मग तुला फ्लाकला आत्याकडे ठेवायचं ठरलं, इंद्राणीच्या अंगावर तुझी सावली नको म्हणून. ते आजीनेच ठरवलं. त्या काळी सासूपुढे कोण बोलत होतं?

आई

लॉंग माउंटन
५ नोव्हेंबर १९७८

नवीन,

तिसरी फिल्मही गेली.

पंधरा दिवसांपूर्वी धुराड्याभोवतीचा ऊस पेटवला. तोडायच्या आधी पाला जाळतात तसाच, पण वारा फिरला आणि आग धुराड्याच्या बुंध्यापर्यंत गेली. मी घरातून धूर पाहिला आणि कॅमेरा घेऊन चपला न घालता धावले. हरिलाल ओरडत होता, "मादाम, पा वीनी! येऊ नका!" धुरातून ते बाहेर पडलं. नवीन, ते उजेडात कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. पाठ सोनेरी होती. माझ्या डोक्यावरून आवाज न करता गेलं. मी सहा वेळा बटण दाबलं.

नंदलालने फोटो हातात दिले. सगळा धूर आहे. एकात धुराच्या वर एक पांढरी रेघ आहे. त्याने मला पाणी दिलं, फिल्मचे पैसे घेतले नाहीत, म्हणजे मी कशी दिसत असेन ते समज.

त्या दिवसापासून ते परत आलेलं नाही. मी रोज जाते. काळी जमीन, काळं धुराडं, आणि मी.

मला आता खरंच कळेनासं झालंय, मी हे का करतेय. हा फोटो आला असता तरी तुला काय मिळालं असतं? तुला कुठे पुरावा हवाय? घुबड तू पाहिलं होतंस. पुरावा हवाय तो मला.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. इंद्राणी शेवटच्या आठवड्यात सारखी विचारायची, "दादा कुठाय?" मी सांगायचे, दादाला शाळा आहे, सुट्टीत येईल. तिने बोटांवर दिवस मोजायला घेतले होते. डॉक्टरांनी रक्ताचा आजार सांगितला होता, कुणाच्या हातात काही नाही म्हणाले होते. तरी मी तुला आणवलं नाही. तेरावा झाल्यावर आणवलं. तू दारात उभा राहिलास, तिचा पलंग जिथे होता तिकडे बघितलंस, आणि पाणी मागितलंस. आजीने तुला वेगळ्या पेल्यातून पाणी दिलं. तो पेला तू लंडनला जाईपर्यंत तुझाच राहिला, आणि मी तो रोज वेगळा घासला.

आई

लॉंग माउंटन
२८ डिसेंबर १९७८

नवीन,

पुष्पाचा देवराज सुट्टीवर आलाय. काल भेटायला आला, लंडनचं चॉकलेट घेऊन. मी तुझं विचारलं. तो बूट बघत बसला. मी खोदून विचारलं, शिक्षिकेची सवय. शेवटी म्हणाला, "काकी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तो तिकडं सांगतो की त्याची आई नाय. लहानपणीच गेली म्हणतो. माझ्यासमोर एकदा सांगितलं, आणि माझ्याकडे बघितलं, मी गप्प राहिलो."

मी त्याला चहा दिला. मुरक्या खायला दिल्या. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसले. रडू आलं नाही. मला वाटलं, बरोबर आहे, कोण जिवंत आहे इथे?

हे पत्र कुणाला लिहितेय तेही कळत नाही. मेलेल्या बाईची पत्रं माणूस फोडत नसेल. खाली सही करत नाही.

लॉंग माउंटन
२ फेब्रुवारी १९७९

नवीन,

सोबत एक फोटो आहे. हा घुबडाचा नाही. फोटो आधी बघू नकोस, पत्र आधी वाच. तू बघितला असशीलच. ऐकायचं असतं तर तू इथे असतास.

धुराडं पंधरा जानेवारीला पाडलं. त्याच्या आदल्या दिवशी हरिलाल स्वतः घरी आला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, उद्या सकाळी पाडतात. तुमचं काय राहिलं असेल तर आज बघून घ्या." माझं काय राहिलंय ते त्याला कसं कळलं कोण जाणे. मी कॅमेरा घेतला. चौथी फिल्म रिकाम्या धुराड्यावर घालवून एकच फोटो शिल्लक होता.

भर दुपार होती. मी कमानीतून वाकून आत गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा. घुबड नव्हतंच. भिंतीच्या खोबणीखाली पिसं होती, उंदरांच्या हाडांचे गोळे होते, आणि सगळीकडे दगड. इतके दगड की पाय ठेवायला जागा नाही. गावातल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी त्या कमानीतून आत दगड भिरकावलाय. आपल्या बेटावर दगडांना काय तोटा? शेतातून वेचून वेचून आपल्या लोकांच्या पाठी वाकल्या, तरी संपले नाहीत. वरून धुराड्याच्या तोंडातून सरळ ऊन पडलं होतं. मी खाली बसले आणि एकेक दगड हातात घ्यायला लागले. सगळे खरबरीत. कडा अशा की तळहात कापला. एकही झिजलेला नव्हता, नवीन. एकही नाही.

आणि मग ज्याच्यासाठी आत गेले होते तो सापडला. आपल्या वरवंट्याचा तुटका तुकडा. वरवंटा फुटला तेव्हा मी त्याचा तो अर्धा भाग मागच्या दाराला लावायला ठेवला होता, दार आपटू नये म्हणून. त्याच्यावर मी छिन्नीने टाकी लावून घेतली होती, ते टोचे मी विसरणार नाही, कारण टाकीवाल्याने ते तिरपे दिले म्हणून मी त्याच्याशी भांडले होते. ते तिरपे टोचे जसेच्या तसे आहेत. बोट फिरवलं तर एकेक मोजता येतो.

आता लिहिते. घुबडाचा फोटो काढणं अवघड होतं तरी मी सहा महिने ते करत राहिले, कारण हे लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या दिवशी तू धावत आलास, "आई, चल, मी तुला एक दाखवतो." इंद्राणी महिनाभर तापाने पडून होती. मी तिच्यापाशी जागून जागून वेडी झाले होते. तू काय दाखवणार ते तू सांगितलंस आणि माझं डोकं फिरलं. घुबड, आणि माझ्या घराजवळ! मी दाराचा तो तुकडा उचलला आणि तुझ्याबरोबर आले. तू कमानीपाशी थांबलास, बोट दाखवलंस. किती खूश होतास. ते आत खोबणीत बसलं होतं, पांढरं, डोळे मिटून. तू म्हणालास, "नको आई, त्याला लागेल." मी फेकला.

घरी आलो. संध्याकाळी वारा सुटला आणि दार आपटलं. आजी माजघरातून ओरडली, "दाराचा धोंडा कुठं गेला गो?" ती उठून आली. "कोणी नेला?" तू माझ्या शेजारी उभा होतास. मी म्हटलं, "नवीनने नेला. घुबडाला मारला."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता सांगेल. तू सांगितलं नाहीस. बाबा आले, त्यांना आजीचं हे सगळं बंद करायचं होतं, म्हणून ते तुला म्हणत होते, घुबड नव्हतं म्हण. नव्हतं म्हणाला असतास तर धोंडाही गेला असता आणि तूही सुटला असतास. तू घुबड होतं म्हणालास, आणि धोंडा कुणी मारला ते म्हणाला नाहीस. नऊ वर्षांच्या पोराने आईला पाठीशी घातलं. आणि मी तुला फ्लाकच्या बसमध्ये बसवलं. आजीने नाही. आजी नुसतं बोलली होती. पिशवी मी भरली, बसपर्यंत मी आले, तू खिडकीतून हात बाहेर काढलास तो मी धरला नाही, कारण मलाही तेव्हा खरं वाटायला लागलं होतं की तूच मारलास.

तो तुकडा झिजला नाही. इंद्राणी माझ्या धोंड्याने गेली नाही आणि तुझ्याने तर नाहीच. ती आजाराने गेली. हे मला वीस वर्षांपूर्वी आत जाऊन बघता आलं असतं. शंभर पावलांवर होतं. मी गेले असते तर तू तिच्याजवळ असतास. तिची बोटं मोजून संपायच्या आधी आला असतास. आता त्याचं काहीही होऊ शकत नाही. मी क्षमा मागत नाही, ती मागायची तर देणारा नऊ वर्षांचा असायला हवा होता.

शेवटचा फोटो मी त्या तुकड्याचा काढला. उन्हात ठेवून, दोन हातांवरून. फ्लॅश लागला नाही. नंदलाल म्हणाला, "तांत, हा पहिला नीट आला." मग विचारलं, "पण हा कशाचा?" मी सांगितलं, घरातला आहे.

दुसऱ्या दिवशी धुराडं पाडलं. पायरीवरून ऐकलं. आवाज फार मोठा नव्हता. तिथे आता ऊस लावायला सऱ्या काढल्यात.

देवराज परवा परत निघतोय. हे पाकीट त्याच्याकडे देतेय, म्हणजे ते परत तरी येणार नाही. त्याला म्हटलंय, नवीनच्या हातात दे, बाकी काही बोलू नको, आई नाही म्हणतोय तर तेच खरं धरून चाल.

तुकडा घरी आणलाय. मागच्या दाराला लावलाय. दार आता आपटत नाही, उघडंच राहतं. त्यातून कुणी येणार नाही, हे मला माहीत आहे.

आई